विश्लेषण : खिडकीतून दिसणारे पक्षी-प्राणी मोजून काय होते? नाते-महाड परिसरात अशा नोंदी का हव्यात?

महाडहून रायगडाकडे निघाले की वाटेत नाते लागते. गडावर जाणाऱ्यांच्या गाड्या इथे फारशा थांबत नाहीत. मात्र या पट्ट्यात ज्यांचे घर आहे, त्यांना वन्यजीव पाहण्यासाठी अभयारण्याचे तिकीट काढावे लागत नाही. सकाळी खिडकी उघडली की समोरच्या वडा-पिंपळावर हरियाल दिसतो, रात्री दिव्याभोवती वटवाघळे घिरट्या घालतात आणि महाड शहरात सावित्रीच्या काठावर हिवाळ्याच्या उन्हात मगर पडलेली असते. हे सारे रोजचेच असल्यामुळे ते लिहून ठेवावे असे फारसे कोणाला वाटत नाही. पण जे मोजलेले नसते, ते कमी झाले तरी कळत नाही. देशातून गिधाडे नाहीशी होऊ लागली तेव्हा त्यांची जुनी मोजणी हाताशी होती, म्हणून घट सिद्ध करता आली. खिडकीतल्या पाहण्याला महत्त्व का आले आहे, त्याची नोंद कशी ठेवावी आणि त्यात कोणत्या चुका टाळाव्यात, याचा हा आढावा.

खिडकीतून नेमके काय दिसते?

जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला झाडाचा बुंधा दिसतो, तर तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला शेंडा. पक्ष्यांचा बराचसा वावर शेंड्यावर असतो. त्यामुळे रानात मान दुखेपर्यंत वर पाहूनही जे दिसत नाही, ते फ्लॅटच्या गॅलरीत चहा पिता पिता डोळ्यांच्या पातळीवर दिसते. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल याचे चांगले उदाहरण आहे. हिरव्या-पिवळ्या रंगाचे हे कबूतर पानांत बेमालूम मिसळते. उंबर, वड, पिंपळ फळांवर आले की त्यांचे थवे येतात आणि थंडीच्या सकाळी उंच निष्पर्ण फांदीवर ऊन खात बसतात. वरच्या मजल्यावरून त्यांचे पिवळे पायसुद्धा दिसतात.

महाड-पोलादपूरचा हा भाग सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. एका बाजूला घाटाचे रान, दुसऱ्या बाजूला भातखाचरे आणि मधून वाहणाऱ्या नद्या असल्यामुळे खिडकीतले पाहुणे ऋतूनुसार बदलतात. माघ-फाल्गुनात काटेसावर आणि पांगारा फुलला की त्यावर मैना, बुलबुल, कावळे आणि कोतवाल यांची गर्दी होते. उन्हाळ्यात तांबट पक्ष्याचे ‘टुक टुक’ दुपारभर चालते. राखी धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबवते आणि नर फटीतून तिला फळे भरवतो. त्यामुळे या दिवसांत एकटाच धनेश पुन्हा पुन्हा एकाच दिशेला जाताना दिसला, तर त्या बाजूला ढोली असण्याची शक्यता धरायला हरकत नाही.

मे महिन्याच्या अखेरीस काजवे चमकू लागतात. त्याच सुमारास नवरंग पक्षी विणीसाठी कोकणात येतो. प्रवासाने थकलेला नवरंग कधी कधी थेट घरात किंवा जिन्यात येऊन पडतो. पावसाळ्यात ओढ्याकाठून शीळकरी कस्तुराची लांबलचक शीळ ऐकू येते. एरवी पांढरेशुभ्र असणारे गायबगळे या काळात डोक्यावर आणि पाठीवर केशरी होतात आणि चिखलणीच्या मागे मागे फिरतात. हिवाळ्यात विजेच्या तारांवर भिंगऱ्यांची रांग लागते. धोबी पक्षी पार्किंगच्या जागेत शेपटी हलवत फिरतो.

रात्रीचे जग वेगळेच असते. पिंगळ्यांची जोडी समोरच्या खांबावर भांडते, गव्हाणी घुबड उंदरांच्या मागे असते आणि जुन्या कौलारू घराच्या माळ्यावर उदमांजराचा वावर असतो. माळ्यावर ‘काहीतरी’ धावते म्हणून घाबरणाऱ्या घरांत बहुतेकदा तेच असते.

इमारत प्राण्या-पक्ष्यांना घर का वाटते?

माणसाला जी इमारत वाटते, ती काही पक्ष्यांना कडा वाटते. शहरातल्या कबुतराचे पूर्वज कड्यांच्या कपारीत राहणारे. त्याच्या दृष्टीने एसीच्या मागची फट आणि डक्टमधला कठडा म्हणजे आयती कपार. पाकोळ्यांचेही तसेच. त्यांच्या पायांची रचना उभ्या पृष्ठभागाला धरून लटकण्यासाठी असते, त्यामुळे त्या तारेवर किंवा फांदीवर बसू शकत नाहीत. हवेत पकडलेली पिसे आणि काड्या लाळेने चिकटवून त्या छताखाली घरटे करतात. पुलाखाली किंवा इमारतीच्या सज्जाखाली त्यांची वसाहत असेल तर संध्याकाळी आकाशात त्यांचा कलकलाट सुरू होतो.

गॅलरीतल्या कुंडीत होला अंडी घालतो. कपडे वाळत घालण्याच्या दोरीला सूर्यपक्षी लोंबते घरटे बांधतो. पण हे सगळ्यांनाच जमत नाही. चिमणीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. कौलारू घरात वासे आणि भिंत यांच्यामध्ये फटी असत, भिंतीवर तिरक्या टांगलेल्या तसबिरींमागे जागा असे. स्लॅबच्या घरात आणि सरकत्या काचेच्या खिडक्यांत अशी जागा उरत नाही. शिवाय मोठी चिमणी दाणे खात असली तरी पिलांना ती प्रामुख्याने किडे भरवते. अंगण जाऊन पेव्हर ब्लॉक आले की किडेही कमी होतात.

थोडक्यात, इमारती वाढल्या की काही जातींचे फावते आणि काहींची अडचण होते. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालानेही हेच दाखवले. कुठेही जुळवून घेणारे कबूतर, कोकीळ आणि मोर यांची स्थिती चांगली आहे. ठरावीक अधिवासावर अवलंबून असणाऱ्या पक्ष्यांची घट मात्र वेगाने होत आहे.

अशा घरगुती नोंदींना शास्त्रात किंमत आहे का?

आहे. ब्रिटनमध्ये १९७९ पासून दर जानेवारीत सामान्य कुटुंबे एक तास आपल्या बागेतले किंवा खिडकीसमोरचे पक्षी मोजतात. सुरुवातीला हा मुलांसाठीचा उपक्रम होता. पण दरवर्षी त्याच पद्धतीने मोजणी होत गेल्यामुळे चार दशकांत एक चित्र उभे राहिले. तिथल्या मोजणीत चिमणी आजही पहिल्या क्रमांकावर असते, तरीही बागांमध्ये दिसणाऱ्या चिमण्यांची सरासरी संख्या निम्म्याहून अधिक घटली आहे. ‘सगळीकडे तर दिसतात’ असे वाटत असतानाच ती कमी होत होती. हे फक्त आकड्यांतून कळले.

भारतातही हेच तंत्र वापरले जाते. वर उल्लेखलेला २०२३ चा अहवाल सुमारे ३० हजार पक्षिनिरीक्षकांनी ‘ई-बर्ड’ या व्यासपीठावर केलेल्या तीन कोटी नोंदींवर आधारलेला आहे. त्यात ९४२ जातींचा विचार झाला आणि १७८ जातींना संवर्धनात सर्वाधिक प्राधान्य द्यावे असे ठरवण्यात आले. नोंदी करणाऱ्यांत व्यावसायिक शास्त्रज्ञ थोडे होते. बाकी शिक्षक, विद्यार्थी, निवृत्त कर्मचारी, गृहिणी असे सर्व प्रकारचे लोक होते.

घराजवळच्या निरीक्षणातून मूलभूत शोध लागल्याचे उदाहरण खुद्द रायगड जिल्ह्यात आहे. १९३० मध्ये हाताला नोकरी नसताना सालिम अली अलिबागजवळच्या किहीमला राहायला आले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. ते रोज शिडीवर बसून ती पाहत आणि टिपणे काढत. सुगरणीचा नर अर्धवट घरटे बांधतो, मादी ते पसंत करते, मग नर ते पूर्ण करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे बांधायला घेतो, हे त्यातून जगाला कळले. त्यासाठी लागले ते एक ठिकाण, रोजची वेळ आणि वही.

गिधाडांच्या घटनेने काय शिकवले?

१९८० च्या दशकात भारतात गिधाडे इतकी होती की ती मोजावीत असे कोणाला वाटले नसते. तरीही राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानात ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’चे विभू प्रकाश यांनी ती मोजली होती. दहा-बारा वर्षांनी पुन्हा मोजली तेव्हा मोठी घट दिसली. जुना आकडा नसता तर ‘पूर्वी खूप होती म्हणतात’ एवढेच वाक्य हाती राहिले असते. पुढे देशभरातील पाहणीत १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्के घटल्याचे आढळले. म्हणजे हजारातील एकच उरले.

कारण २००४ मध्ये निश्चित झाले. गुराढोरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी होई. २००६ मध्ये भारताने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. त्यानंतर २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक या औषधांवरही अशीच बंदी आली.

महाड परिसरासाठी ही दूरची गोष्ट नाही. महाडच्या ‘सिस्केप’ या संस्थेने शेजारच्या म्हसळा तालुक्यातील चिरगाव येथे ग्रामस्थांना बरोबर घेऊन गिधाडांच्या संवर्धनाचे काम अनेक वर्षे केले. तिथे घरटी राखणे, मृत जनावरे खाद्य म्हणून उपलब्ध करून देणे आणि नियमित मोजणी ही कामे एकत्र चालली. पांढऱ्या पाठीचे गिधाड उंच झाडांवर घरटे करते, तर लांब चोचीचे गिधाड कड्यांवर. या भागात दोन्ही प्रकारच्या जागा आहेत. म्हणून नाते किंवा महाडच्या खिडकीतून खूप उंचावर, पंख न हलवता गोल फिरणारा मोठा पक्षी दिसला तर ‘घारच असेल’ म्हणून सोडून देऊ नये. घारीची शेपटी मध्ये खाचलेली असते. गिधाडाची शेपटी आखूड असते, पंख रुंद असतात आणि पंखांची टोके बोटांसारखी फाकलेली दिसतात. पांढऱ्या पाठीच्या प्रौढ गिधाडाच्या पंखांखाली पुढच्या बाजूला पांढरा पट्टा असतो. वेळ, दिशा आणि संख्या टिपून ठेवली तर अशी एक ओळही उपयोगाची असते.

सावित्रीतल्या मगरींबद्दल खिडकीतून काय कळते?

महाड शहरालगत सावित्री नदीत गोड्या पाण्यातील मगरी आहेत आणि त्यांच्यावर अभ्यासकांनी संशोधनही केले आहे. एरवी त्यांची चर्चा होते ती अपघाताच्या वेळी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला, तेव्हा शोधकार्यातल्या अडचणींमध्ये पुराच्या वेगाबरोबर मगरींचाही उल्लेख झाला. पण नदीकाठी राहणाऱ्यांच्या त्या वर्षभर शेजारी असतात.

मगरीचे शरीर स्वतःची उष्णता तयार करत नाही. त्यामुळे थंडीच्या दिवसांत ती सकाळी काठावर येऊन तासन् तास उन्हात पडते, तर उन्हाळ्यात दुपारी पाण्यात किंवा सावलीत जाते. जानेवारीत जास्त मगरी दिसल्या आणि जूनमध्ये कमी, म्हणून त्यांची संख्या बदलली असे होत नाही. दिसण्याची वेळ बदललेली असते. मादी कोरड्या महिन्यांत काठावर खड्डा करून अंडी घालते आणि पाऊस सुरू होण्याच्या सुमारास पिले बाहेर येतात. घरट्यातील तापमानावर पिले नर होणार की मादी, हे ठरते. म्हणजे काठावरची वाळू किंवा माती काढली गेली, झाडी तोडली गेली, तर त्याचा परिणाम पुढच्या पिढीवर होतो.

काठावरच्या इमारतीतून ही नोंद सुरक्षितपणे ठेवता येते : किती मगरी, अंदाजे लहान की मोठ्या, किती वाजता, कोणत्या काठावर. कुठल्या जागी त्या नेहमी येतात हे माहीत असेल तर कपडे धुण्याची, गुरे पाण्यावर नेण्याची जागा बदलता येते. मगर ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला दगड मारणे, जवळ जाऊन व्हिडिओ काढणे किंवा पुलावरून मांसाचे तुकडे टाकणे धोक्याचे आणि बेकायदा ठरू शकते. अन्न मिळते हे कळले की मगर त्या जागी घुटमळू लागते आणि तिथेच माणसे उतरत असतील तर संघर्ष अटळ होतो.

खिडकीत दाणे ठेवावेत का?

या प्रश्नावर २०२५ च्या उन्हाळ्यानंतर मुंबईत मोठा वाद झाला. कबुतरांच्या विष्ठेतून आणि पिसांतून होणाऱ्या श्वसनविकारांचा मुद्दा पुढे आल्यावर राज्य सरकारने कबुतरखाने बंद करण्याचे निर्देश दिले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि ऑगस्टमध्ये त्याविरुद्ध आंदोलनही झाले. भूतदया आणि सार्वजनिक आरोग्य असे दोन पक्ष पडले.

निसर्गाच्या बाजूने पाहिले तर उत्तर सोपे आहे. रोज ढीगभर धान्य टाकले की त्याचा फायदा आधीच संख्येने जास्त असलेल्या कबुतरांना होतो. हरियाल, धनेश, तांबट यांना त्यात रस नसतो. त्यांना फळे हवीत. नवरंग, कस्तूर, भिंगरी यांना किडे हवेत. म्हणून दाण्यांपेक्षा झाड महत्त्वाचे. सोसायटीच्या आवारात एक उंबर राखला तर वर्षातून अनेकदा त्याला फळे येतात. गॅलरीत जास्वंद किंवा अबोली असली तरी सूर्यपक्षी येतो. उन्हाळ्यात पसरट भांड्यात पाणी ठेवणे चांगले, पण ते रोज बदलावे आणि भांडे घासावे. नाहीतर त्यात डास होतात आणि पक्ष्यांमध्ये रोग पसरतो.

माकडांच्या बाबतीत तर नियम अधिक कडक हवा. घाटात गाडी थांबवून वेफर, केळी देणारा पर्यटक निघून जातो. माणसाच्या अन्नाला सरावलेला कळप मात्र पायथ्याच्या वाड्यांत उतरतो आणि शेतकऱ्याच्या परसातला फणस, केळी, भाजी उद्ध्वस्त करतो. खिडकीतून दिलेली एक पोळी शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरातील धाडीचे कारण ठरू शकते.

काच, दिवे आणि जाळी यांचा धोका काय?

ज्या काचेतून पक्षी दिसतो, तीच काच त्याचा जीव घेऊ शकते. काचेत समोरच्या झाडाचे आणि आकाशाचे प्रतिबिंब दिसते आणि पक्षी त्यातच शिरू पाहतो. अमेरिकेत इमारतींना धडकून दरवर्षी किमान ३६ कोटी पक्षी मरत असावेत असा २०१४ मधील अभ्यासाचा अंदाज आहे. काचेच्या बाहेरच्या बाजूने दोन-दोन इंचांवर ठिपके किंवा पट्ट्या लावल्या, किंवा बाहेरून जाळी-पडदा लावला, तर धडका बऱ्याच कमी होतात. आतून लावलेले एखादे स्टिकर फारसे उपयोगी पडत नाही.

कधी कधी दयाळ किंवा बुलबुल दिवसेंदिवस खिडकीवर चोच मारत राहतो. काचेत दिसणारा पक्षी त्याला आपल्या हद्दीत घुसलेला प्रतिस्पर्धी वाटतो. विणीचा काळ असेपर्यंत ती काच बाहेरून कागदाने झाकली की भांडण मिटते.

दिव्यांचा परिणाम तितका लगेच दिसत नाही. काजव्यांचे नर-मादी प्रकाशाच्या उघडझापीतून एकमेकांना शोधतात. रात्रभर जळणाऱ्या पांढऱ्या दिव्यांत हे संकेत हरवतात. मे-जूनच्या पंधरा-वीस रात्री गॅलरीचे आणि गच्चीचे दिवे दहानंतर बंद ठेवणे एवढे तरी सोसायटीला शक्य असते. कबुतरांसाठी लावलेली जाळी सैल असेल तर त्यात लहान पक्षी आणि वटवाघळे अडकतात. म्हणून ती ताणून बसवावी आणि अधूनमधून पाहावी. जखमी प्राणी-पक्षी किंवा घरात शिरलेला वन्यजीव आढळल्यास वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवता येते.

नोंद नेमकी कशी ठेवायची?

सुरुवातीला दुर्बीणही लागत नाही. पुढे घ्यायची झाल्यास ‘८ बाय ४२’ क्षमतेची पुरते. यातला पहिला आकडा किती पट मोठे दिसेल हे सांगतो आणि दुसरा भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुर्बीण लावताना समोरच्या फ्लॅटच्या खिडक्यांकडे रोख राहणार नाही, याचे भान मात्र हवे. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवले की गैरसमज होत नाही.

नियम चार आहेत. एक, जागा आणि वेळ ठरलेली असावी. उदाहरणार्थ रोज किंवा दर रविवारी सकाळी ७ ते ७.१५. दोन, त्या वेळेत दिसलेली आणि ऐकलेली, ओळखता आलेली प्रत्येक जात लिहावी. फक्त ‘विशेष’ पक्षी लिहू नयेत. तीन, संख्या लिहावी. कावळे बारा, चिमण्या चार, असे. चार, काही दिसले नाही तर तेही लिहावे.

चौथा नियम सर्वात जास्त मोडला जातो आणि तोच सर्वात उपयोगाचा आहे. जी यादी पूर्ण आहे, तिच्यात चिमणीचे नाव नसणे याचा अर्थ त्या पंधरा मिनिटांत चिमणी आढळली नाही असा होतो. निवडक पक्ष्यांच्या यादीत नाव नसण्याचा काहीच अर्थ काढता येत नाही. ‘ई-बर्ड’वर यादी भरताना ही यादी पूर्ण आहे का, हा प्रश्न विचारला जातो तो यासाठीच. फुलपाखरे, कोळी, पाली, बेडूक यांचे छायाचित्र असेल तर ‘आय-नॅचरलिस्ट’वर टाकता येते आणि जाणकार ओळख पटवून देतात. आवाजावरून पक्षी सांगणारी अॅप्स मदत करतात, पण चुकतातही. डोळ्यांनी खात्री झाल्याशिवाय दुर्मिळ नाव लिहू नये.

दर फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही जागतिक मोजणी होते. १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या उपक्रमात भारतातील निरीक्षक २०१३ पासून भाग घेत आहेत. घरातूनच किमान पंधरा मिनिटे मोजणी करायची असल्याने नवख्यांसाठी ही चांगली सुरुवात आहे. मोबाइल नको असेल तर दिनदर्शिकेच्या मागची कोरी बाजूही चालते. फक्त तारीख आणि वेळ विसरू नये.

काय जाहीर करू नये?

धनेशाची ढोली, घुबडाचे घरटे, खवले मांजराची बीळ असलेली जागा व्हॉट्सअॅप स्टेटसवर टाकू नये. खवले मांजराची कोकणातून तस्करी होत आली आहे आणि घुबडांचा अंधश्रद्धेपोटी बळी दिला जातो. ‘ई-बर्ड’ आणि ‘आय-नॅचरलिस्ट’ ही व्यासपीठे धोक्यातील अनेक जातींची नेमकी जागा आपोआप झाकतात. व्हॉट्सअॅप तसे करत नाही. घरट्याजवळ वारंवार जाऊन फोटो काढल्यास पालक पक्षी अंडी सोडून जाऊ शकतात, हेही लक्षात घ्यावे.

खिडकीच्या नोंदीला मर्यादाही आहेत. एका खिडकीतून संपूर्ण तालुक्याचा निष्कर्ष काढता येत नाही. समोरचे झाड तोडले गेले तर पक्षी नाहीसे झाले की फक्त बाजूला सरकले, हे त्या एका यादीवरून सांगता येत नाही. पण अशा वीस-पंचवीस खिडक्या झाल्या, वर्षानुवर्षे चालल्या, तर त्यांची बेरीज खूप काही सांगते.

या नोंदींनी खरोखर काही बदलते का?

नवी मुंबईचा अनुभव ताजा आहे. नेरुळ-सीवूड्समधील अनेक घरांच्या खिडक्यांतून डीपीएस तलाव दिसतो. तिथे दरवर्षी रोहित पक्षी उतरतात. तलावात भरतीचे पाणी येणे अडले, तेव्हा २०२४ मध्ये रोहित रस्त्यावर भरकटल्याच्या आणि मेल्याच्या घटना घडल्या. रहिवासी आणि पर्यावरणप्रेमींनी छायाचित्रांसह पाठपुरावा केला. अखेर २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मंजुरी दिली. त्या तलावाकडे रोज पाहणारे डोळे होते, म्हणून बदल लगेच लक्षात आला.

महाड परिसराने गेल्या काही वर्षांत बरेच सोसले आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने जिल्ह्यातली असंख्य जुनी झाडे पाडली. २२ जुलै २०२१ च्या महापुरात शहर बुडाले. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात रस्त्याकडेचे मोठे वृक्ष गेले. माणसांचे आणि घरांचे पंचनामे झाले. त्या झाडांवर किती ढोल्या होत्या, कोण राहत होते आणि ते कुठे गेले, याचे उत्तर द्यायचे तर आधीची नोंद लागते. पुढच्या प्रकल्पाच्या सुनावणीत ‘इथे खूप पक्षी असतात’ या वाक्याला वजन नसते. ‘गेली पाच वर्षे दर रविवारी सकाळी सात वाजता, या झाडावर, इतके’ या कागदाला असते.

नाते हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे जन्मगाव. १४ जानेवारी १८९६ रोजी ते इथे जन्मले. पुढे देशाचे अर्थमंत्री झालेल्या या माणसाने केंब्रिजला शिक्षण घेतले ते निसर्गविज्ञानाचे आणि १९१७ मध्ये तिथले वनस्पतिशास्त्राचे पारितोषिकही मिळवले. शिल्लक किती आहे हे सांगायला मागील बाकी माहीत असावी लागते, हा हिशेबातला साधा नियम रानालाही लागू आहे. नात्यातल्या किंवा महाडमधल्या एखाद्या घराने येत्या रविवारी खिडकीतली पहिली यादी लिहिली, तर दहा वर्षांनी तीच मागील बाकी ठरेल.